एकुलत्या पानाची जबाबदारी

प्रस्तावना

मराठीत एखादी गोष्ट इंटरनेटवर शोधणाऱ्या माणसासमोर फार पाने येत नाहीत. विषय निवडणुकीचा, सिनेमाचा किंवा मोठ्या शहराचा असेल तर चालून जाते. पण जांभ्यात खोदलेल्या विहिरीचे पाणी वैशाखात का आटते, काजूच्या मोहरावर कोणती कीड पडते, गावच्या देवराईतली झाडे कोणती, असे काही विचारले की हाती एखाददुसरे पान लागते आणि बरेचदा ती दोन पाने एकमेकांची नक्कल असतात. इंग्रजीत चुकीच्या लेखाशेजारी चार बरे लेख उभे असतात. वाचक ताडून पाहतो आणि चूक आपोआप मागे पडते. मराठीत ताडून पाहायला शेजारी कोणी नसते. वाडीत एकच विहीर असेल तर तिचे पाणी गोडे असो की मचूळ, सगळी वाडी तेच पिते. मराठीतल्या माहितीपर लेखाची स्थिती आज तशी आहे, आणि त्यामुळेच तो लिहिणाऱ्याची आणि छापणाऱ्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे.

हे पुस्तक अशा लेखांविषयी आहे. वाचकाला एखादी वस्तू, जागा, पद्धत, नियम, रोग, पीक किंवा माणूस समजावून सांगणारा आणि पडद्यावर वाचला जाणारा लेख हा त्याचा विषय. ते लिहिणाऱ्यांसाठी आहे, तितकेच प्रकाशकांसाठी आहे. पुढच्या प्रकरणांत बरेच बारकावे आले असले तरी सांगायचे मूळ एकच आहे. माहितीपर लेखातले प्रत्येक विधान वाचकाला तपासता आले पाहिजे, आणि ते विधान आपले म्हणणारा माणूस लेखामागे उभा असला पाहिजे. मथळा, शैली, लांबी, छायाचित्रे यांचा विचार त्यानंतर.

उदाहरणे बहुतेक रत्नागिरीची घेतली आहेत. मी इथे राहतो हे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, माहितीपर लेखनात जेवढ्या अडचणी येतात तेवढ्या सगळ्या या एका जिल्ह्यात सापडतात. इथे हजारो वर्षांपूर्वीची चित्रे आहेत ज्यांचे वय नेमके सांगता येत नाही. परदेशचा पदच्युत राजा इथे तीस वर्षे राहिला. इथल्या आंब्याविषयी रोज काही ना काही लिहिले जाते आणि ते वाचून कोणीतरी बागेत फवारणी करते. किनाऱ्यावर ठरावीक दिवशी मासेमारी बंद होते आणि ठरावीक दिवशी सुरू होते. यातल्या कोणत्याही विषयावर निष्काळजीपणे लिहिले, तर त्याची किंमत लेखक मोजत नाही. ती बागायतदार, खलाशी, विद्यार्थी किंवा पर्यटक मोजतो.

या प्रदेशाचे माहितीशी नाते जुने आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे. त्यानंतर चार वर्षांनी, 6 जानेवारी 1832 रोजी, मुंबईत ‘दर्पण’ निघाले. त्याचे संपादक, कोकणातले बाळशास्त्री जांभेकर, तेव्हा अवघ्या विशीत होते. पाक्षिक म्हणून सुरू झालेले हे पत्र काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी अशी त्याची रचना होती. महाराष्ट्र 6 जानेवारीला पत्रकार दिन पाळतो तो याच पत्राच्या आठवणीने. पण बाळशास्त्रींचे माहितीपर लेखनाशी अधिक जवळचे काम म्हणजे 1840 साली त्यांनी काढलेले ‘दिग्दर्शन’ मासिक. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान अशा विषयांवरचे लेख त्यात येत. बातमी आणि मत यांच्याबरोबरीने मराठी वाचकाला ज्ञान हवे आहे, तेही नियमितपणे आणि आपल्या भाषेत, हे ओळखून काढलेले ते पहिले मराठी मासिक. गणित शिकवणारा, कुलाब्याच्या वेधशाळेत काम करणारा माणूस संपादक होता. ज्याला विषय कळतो त्याने लिहावे, ही रीत मराठी नियतकालिकांच्या जन्माबरोबरच पडली.

बाळशास्त्रींचे गाव पोंभुर्ले. ते कोणत्या जिल्ह्यात, हा प्रश्न साधा वाटतो. इंग्रजी अमलात आणि पुढेही दीर्घकाळ हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच गणला जाई. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि देवगड तालुक्यातले पोंभुर्ले तिकडे गेले. म्हणून जुन्या पुस्तकात ‘रत्नागिरी जिल्हा’ आणि नव्या लेखात ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ असे दिसते, आणि दोन्ही आपापल्या काळात बरोबर असतात. जुने वाक्य तपासल्याशिवाय उचलणारा लेखक वाचकाला चुकीच्या जिल्ह्यात पाठवतो. ‘तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, आता सिंधुदुर्गात असलेले’ एवढे पाच-सहा शब्द वाढवले की काम भागते. माहितीपर लेखनातली पुष्कळशी गुणवत्ता अशा पाच-सहा शब्दांतच असते.

बाळशास्त्रींनंतर या परंपरेचे दोन मोठे टप्पे आले. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ 1920 च्या दशकात 23 खंडांत पूर्ण झाला. त्यातले पहिले पाच खंड प्रस्तावनाखंडच आहेत; शेवटाकडे एक पूर्ण खंड सूचीला दिलेला आहे. हजारो पानांच्या ग्रंथात वाचकाला हवे ते सापडले नाही तर ते लिहून उपयोग काय, हा विचार त्या सूचीखंडामागे आहे. दुसरा टप्पा मराठी विश्वकोशाचा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली हे काम उभे राहिले आणि पहिला खंड 1976 साली बाहेर पडला. विश्वकोशातली नोंद उघडा. नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ दिसतात आणि लिहिणाऱ्याचे नाव दिसते. हे कोणी लिहिले आणि कशाच्या आधारावर लिहिले, या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदीतच मिळतात. आज हे दोन्ही कोश इंटरनेटवर वाचता येतात. मराठीत पडद्यासाठी लिहू पाहणाऱ्याने परदेशी नमुने धुंडाळण्यापूर्वी महिनाभर रोज विश्वकोशातली एक नोंद वाचावी, असा माझा आग्रह आहे. विस्तारासाठी नाही, शिस्तीसाठी.

मग इंटरनेटवर नवे काय घडले? सर्वांत मोठा फरक असा की लेखाची चौकट गेली. ग्रंथात नोंदीच्या आगेमागे इतर नोंदी असतात, मुखपृष्ठावर संपादकाचे नाव असते, साल छापलेले असते. इंटरनेटवरचा वाचक शोधातून थेट एका पानावर उतरतो. त्याने मुखपृष्ठ पाहिलेले नसते. आधीचा लेख वाचलेला नसतो, पुढचा वाचणार नसतो. बरेचदा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेला तुकडाच त्याच्यापर्यंत येतो. त्यावर नाव नसते आणि तारीखही नसते. म्हणून जे पूर्वी ग्रंथाची चौकट सांगत असे ते आता प्रत्येक लेखाला स्वतः सांगावे लागते. मी कोण, हे केव्हा लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले, शेवटचे केव्हा तपासले, हे त्यात आलेच पाहिजे. या पुस्तकातले पहिले प्रकरण त्याविषयी आहे. ते सोपे आहे म्हणून कोणी ओलांडून पुढे जाऊ नये.

दुसरा फरक नकलेचा. छापील जगात उचलेगिरी करायलाही हाताने लिहावे लागे. आता दोन बटणांचे काम आहे. एकाने लिहिलेले वाक्य दहा ठिकाणी गेले की दहा पुरावे असल्यासारखे दिसते, पण पुरावा एकच असतो, आणि कधी तोही नसतो. रत्नागिरीचा थिबा राजवाडा याचे चांगले उदाहरण आहे. ‘ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी या राजवाड्यात नजरकैदेत ठेवले’ असे एक वाक्य या विषयावर हमखास भेटते. वाक्य खोटे नाही. पण ते वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते चुकीचे असते. थिबाचे राज्य नोव्हेंबर 1885 मध्ये गेले. 1886 साली त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणले. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला हा राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, आणि डिसेंबर 1916 मध्ये राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या वनवासातली चोवीस वर्षे तो शहरातल्या दुसऱ्या बंगल्यांत राहिला आणि राजवाड्यात त्याने जेमतेम सहा वर्षे काढली. राणी 1919 साली ब्रह्मदेशात परत गेली. ही चार-पाच वर्षे ओळीने मांडली की राजवाडा पाहण्याची दृष्टीच बदलते. मोठ्या गच्चीवर उभा राहिलेला पर्यटक मग विचारू लागतो की इतकी वर्षे घर मिळायला का लागली, खर्च कोणी केला, राजकन्यांचे शिक्षण आणि विवाह यांचे काय झाले. चांगला माहितीपर लेख वाचकाला असे पुढचे प्रश्न देतो. त्यासाठी अलंकारिक भाषा लागली नाही. सनावळी नीट मांडावी लागली.

तिसरी अडचण त्याहून नाजूक आहे. जे अजून नक्की ठरलेले नाही ते कसे लिहायचे? रत्नागिरी, राजापूर, लांजा या तालुक्यांतल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, जांभ्यात कोरलेली शेकडो चित्रे आहेत. आपण त्यांना कातळशिल्पे म्हणतो. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती इतका मोठा आहे की जमिनीवर उभे राहून तो एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पायपीट करून, गावकऱ्यांना विचारून यांतली कितीतरी ठिकाणे उजेडात आणली. मग प्रसारमाध्यमांतून लेख आले आणि लेखांबरोबर आकडे आले. कोणी दहा हजार वर्षे म्हणतो, कोणी वीस हजार. वाचकाला आकडा आवडतो आणि लेखकाला मथळा मिळतो.

पण वय ठरवायचे कसे, हे समजून घेतले की लेखकाची लेखणी आपोआप सावध होते. उत्खननात मातीचे थर मिळतात, कोळसा किंवा हाडे मिळतात, त्यांवरून काळ काढता येतो. उघड्या कातळावर थर नसतो. कोरलेल्या रेषेत सेंद्रिय असे काही उरत नाही, म्हणून रेषेचे वय थेट मोजणे फार अवघड. अभ्यासक शैलीवरून, आसपास मिळालेल्या दगडी हत्यारांवरून, आणि आज कोकणात नसलेल्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या चित्रांवरून अंदाज बांधतात. तो अंदाज अभ्यासाचा असतो, तरी अंदाजच. लेखात लिहायचे ते असे : काही अभ्यासक ही चित्रे दहा हजार वर्षांहून मागे नेतात, त्यांची कारणे ही, अडचण ही. यात आकड्याची चमक कमी होत नाही, उलट वाचकाला शास्त्र कसे चालते ते दिसते. खरे सांगायचे तर कातळशिल्पांच्या विषयात सर्वांत रोचक भाग हाच आहे.

याच विषयातली आणखी एक गल्लत पाहा. कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली : उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढ्ये तळी, देवी हसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमाळ ही उरलेली दोन. संभाव्य यादी म्हणजे देशाने आपल्या बाजूने पुढे ठेवलेली नावे. जागतिक वारशाचा दर्जा त्यानंतर, स्वतंत्र प्रस्ताव आणि पाहणी झाल्यावर मिळतो. याच जिल्ह्यातला हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग मात्र 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. एकाच जिल्ह्यातल्या दोन ठिकाणांचे दर्जे वेगळे आहेत. ‘युनेस्कोने गौरवलेली’ असे मोघम विशेषण दोन्हींना लावले की फरक पुसला जातो आणि संरक्षणाची निकड कोणाला अधिक आहे तेही कळेनासे होते. संभाव्य यादीतल्या ठिकाणाला अजून लोकांच्या लक्षाची गरज असते. मोघम शब्द ते लक्ष काढून घेतो.

यानंतर जे लेख वाचून माणूस काही करतो त्यांच्याकडे वळू. आंब्यावरचा लेख हा तसा. मोहर आला की तुडतुडा, भुरी, फुलकिडे यांची चिंता सुरू होते. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ फवारणीचे वेळापत्रक देते. ते पालवी, बोंगे फुटणे, मोहर, वाटाण्याएवढे फळ अशा अवस्थांना बांधलेले असते आणि संशोधनानुसार त्यात बदल होत असतात. आता समजा, जुन्या वेळापत्रकावर बेतलेला लेख तारीख काढून कोणी पुन्हा चढवला. बागायतदार तो यंदाचा समजून वाचतो. औषध बदललेले असू शकते, प्रमाण बदललेले असू शकते, फवारणी आणि काढणी यांत राखायचे अंतर बदललेले असू शकते. निर्यातीची पेटी परत येते ती अशा कारणांनी. म्हणून शेतीच्या लेखात कोणत्या हंगामासाठी, कोणत्या अवस्थेसाठी, कोणाच्या शिफारशीवरून, हे तीन खुलासे पहिल्या परिच्छेदात आलेच पाहिजेत. उरलेला लेख उत्तम जमला तरी हे तीन नसतील तर तो छापू नये.

हापूसच्या भौगोलिक मानांकनाबद्दलही अशीच नेमकी भाषा हवी. 2018 साली झालेली नोंदणी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. रत्नागिरीच्या माणसाला आपल्या आंब्याचा अभिमान असतो आणि तो असावाच. पण अभिमानाने लिहिताना उरलेले चार जिल्हे लेखातून गळले तर तिथल्या बागायतदाराला आपला हक्क काय हे कळत नाही. फळात साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष, का होतो, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेल्या ‘रत्ना’ जातीत तो का आढळत नाही, अशा विषयांवर मराठीत सोपे, पूर्ण आणि तारीखवार लेख हवे आहेत. माहिती विद्यापीठात आहे, बागायतदारांच्या अनुभवात आहे. दोन्हीकडे जाऊन ती एका पानावर आणणारे हात कमी आहेत.

मासेमारीचे तसेच. यांत्रिक नौकांना पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते. यंत्राशिवाय चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. पूर्वी महाराष्ट्रात मुदत वेगळी असे, म्हणून जुने लेख वेगळ्या तारखा सांगतात. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरात काम करणाऱ्याला हे तोंडपाठ असते. पण पहिल्यांदा या धंद्यात पैसे गुंतवणारा तरुण मोबाइलवर शोधतो. त्याच्यापुढे जे पान येईल त्यावर बंदीच्या तारखा, कोणाला लागू, कोणाला नाही, आणि हा नियम दरवर्षी शासनाच्या आदेशाने जाहीर होतो, एवढे असावे. नियम, शुल्क, मुदत, कागदपत्रे यांवरचे लेख दरवर्षी पुन्हा तपासावेच लागतात. ज्या प्रकाशकाला ते शक्य नसेल त्याने असे लेख काढूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती कुठून मिळवायची, यावर या पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण आहे, कारण लिहिण्याचे निम्मे काम ते आहे. लेख बसल्या जागी इतर लेख वाचून होत नाही. ग्रंथालयात जावे लागते, कचेरीत जावे लागते, बांधावर आणि बंदरावर जावे लागते. रत्नागिरीचे जुने गॅझेटिअर 1880 सालचे आहे. गावे, बंदरे, पिके, व्यापार यांच्या तपशिलांचा तो खजिना आहे. पण ते राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेले आहे हे विसरून चालणार नाही. समाजांविषयी त्यात जे लिहिले आहे ते आज तसेच्या तसे उतरवणे हे अज्ञान आणि अन्यायही आहे. 1962 चे सुधारित गॅझेटिअर शेजारी ठेवावे, जनगणनेचे आकडे ठेवावेत, आणि मग जाणत्या माणसाला विचारावे. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातला शास्त्रज्ञ, माडावर चढणारा गडी, वाडीतली सुईण, जुना तांडेल, ग्रंथपाल, तलाठी हे सगळे जाणते. त्यांच्याकडे जाताना प्रश्न लिहून न्यावेत. ते जो शब्द वापरतील तो लिहून घ्यावा. लेख झाल्यावर त्यांच्या माहितीचा भाग त्यांना वाचून दाखवावा. यात वेळ जातो, पण ज्याच्याकडून घेतले त्याला वाचून दाखवलेल्या लेखात चूक क्वचित राहते.

भाषेबद्दल दोन शब्द. माहितीपर लेखाची भाषा कोरडी असावी असा एक समज आहे आणि ती पुस्तकी असावी असा दुसरा. दोन्ही समजांनी वाचक दुरावतो. सडा, पाणंद, आढी, खळे, रांपण, गजाली हे शब्द इथल्या माणसाचे आहेत. ते लेखात मोकळेपणाने यावेत, आणि विदर्भातल्या वाचकाला कळावे म्हणून पहिल्या वेळी अर्ध्या वाक्यात उलगडावेत. वाक्य छोटे असावे, पण तुटक नसावे. पहिल्या परिच्छेदात मुख्य उत्तर द्यावे. कारण मोबाइलवर वाचणाऱ्याला एका वेळी तेवढेच दिसते, आणि ज्याला तेवढेच हवे होते त्याचा वेळ वाचतो. ज्याला खोलात जायचे आहे तो पुढे वाचतोच. उपमथळे असावेत, ते त्या भागात काय आहे ते सांगणारे असावेत. मथळ्याने दिलेले वचन लेखाने पाळावे. मथळ्यात ‘धक्कादायक’ आणि लेखात काहीच नाही, असे एकदा झाले की वाचक परत येत नाही, आणि तो मराठीत वाचणेच सोडतो. ही हानी एका संस्थळाची नाही, भाषेची आहे.

लेखन युनिकोडमध्येच असले पाहिजे, हा मुद्दा आता जुना वाटेल. पण एकेकाळी अनेक मराठी संस्थळे आपापल्या खास फॉन्टमध्ये मजकूर चढवत. ते फॉन्ट गेले आणि मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग झाला. शोधात तो सापडतच नाही. कित्येक वर्षांचे लेखन असे हरवले. आजही मजकुराचे चित्र करून टाकण्याची सवय अनेकांना आहे. चित्रातला मजकूर दृष्टिहीन वाचकाच्या वाचक-प्रणालीला बरेचदा नीट वाचता येत नाही, आणि त्यातली एक ओळ दुरुस्तही करता येत नाही. शुद्धलेखनाचेही कारण इथे व्यवहाराचे आहे. ‘हापूस’ आणि ‘हापुस’, ‘ग्रामीण’ आणि ‘ग्रामिण’ असे दोन्ही लिहिले जात असेल तर शोधणाऱ्याला निम्मेच सापडते.

प्रकाशकांनी पुढची पाच वाक्ये दोनदा वाचावीत, अशी विनंती आहे. शब्दांवर पैसे मोजले तर शब्द वाढतात, माहिती वाढत नाही. लेखकाला मानधनाबरोबर प्रवासाचा खर्च आणि तपासायला वेळ मिळाला पाहिजे. ते न देता गुणवत्तेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. लेखकाचे नाव लेखावर असणे हा त्याचा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे, उपकार नव्हे. आणि चूक कळल्यावर ती गुपचूप पुसण्याऐवजी काय बदलले ते तारखेसह सांगणारे संस्थळच वाचकाच्या विश्वासाला पात्र ठरते. स्वामित्व हक्काबद्दल सविस्तर प्रकरण आहेच. सारांश एवढा की घटना, आकडे, तारखा कोणाच्या मालकीच्या नसतात, पण कोणी ते ज्या वाक्यांत मांडले ती वाक्ये त्याची असतात. माहिती घ्यावी, कोठून घेतली ते सांगावे, वाक्ये स्वतःची लिहावीत. छायाचित्रकाराच्या परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ नये.

आता यंत्राने लिहिलेल्या मजकुराविषयी. एखाद्या विषयावर क्षणात हजार शब्द तयार करून देणारी साधने आज कोणाच्याही हाती आहेत. मसुदा करायला, रचना सुचवायला, शुद्धलेखन पाहायला त्यांची मदत घेण्यात गैर काही नाही. पण यंत्र कशेळीच्या सड्यावर गेलेले नसते आणि त्याने बागायतदाराला विचारलेले नसते. त्याला जे ठाऊक आहे ते आपण आधी लिहून ठेवलेल्या मजकुरातून. मराठीत ज्या विषयावर दोनच पाने आहेत, तिथे त्या दोन पानांतली चूक यंत्र शंभर पानांत पसरवील. आणि त्या पानांत खरे, तपासलेले, बारकाईने लिहिलेले असेल तर तेही शंभर ठिकाणी पोहोचेल. म्हणून या काळात माणसाने लिहिलेल्या चांगल्या मराठी लेखाची किंमत वाढली आहे. जो मजकूर छापायचा त्यातले प्रत्येक विधान एका माणसाने तपासलेले असावे आणि त्या माणसाचे नाव खाली असावे, ही अट मसुदा कोणीही केलेला असला तरी बदलत नाही.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. शोधयंत्रात वरचा क्रमांक मिळवण्याच्या क्लृप्त्या इथे नाहीत. त्या बदलत राहतात आणि त्यांच्या मागे धावणारा लेखक वाचकाकडे पाठ फिरवतो. जाहिरातीच्या उत्पन्नाचे गणितही नाही. वैद्यकीय आणि कायदेविषयक लेखनाला स्वतंत्र पुस्तक लागेल. इथे एवढेच म्हटले आहे की त्या विषयांत तज्ज्ञाने वाचल्याशिवाय एकही ओळ बाहेर जाऊ नये. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सराव दिला आहे. तो आपल्याच गावावर करावा. गावातली एक विहीर, एक देऊळ, एक पीक, एक कारागिरी, एक शाळा घ्यावी आणि तिच्यावर आठशे शब्दांचा असा लेख लिहावा की त्या गावचा जाणता माणूस वाचून म्हणेल, ‘बरोबर लिहिलंस.’ याहून मोठे प्रशस्तिपत्र माहितीपर लेखकाला नाही.

हे पुस्तक अनेकांच्या मदतीने झाले. ग्रंथालयातून जुन्या फायली काढून देणारे, बागेत नेऊन मोहर दाखवणारे, सड्यावर उन्हात सोबत करणारे, आणि मसुद्यावर निळ्या पेन्सिलीने निर्दयपणे खुणा करणारे, या सर्वांचा मी ऋणी आहे.

2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक आठ कोटींहून अधिक आहेत. इतक्या माणसांच्या भाषेत आपले गाव, आपले पीक, आपला समुद्र यांविषयी विश्वासाने वाचावे असे पान प्रत्येक विषयावर निदान एक तरी असायला हवे. ते पान लिहिणे एका माणसाला काही आठवड्यांत शक्य आहे. त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहायला नको. विषय निवडा, जाणत्याकडे जा, तपासा, नाव घालून लिहा, आणि पुढच्या वर्षी तेच पान पुन्हा उघडून दुरुस्त करा.

रत्नागिरी